शेवटच्या गाण्याला कीड

आमच्या सीडीला कीड लागली आहे, हे निदान खालच्या मजल्यावरच्या डेंटिस्टने केलं. सीडी घेऊन दातांच्या डॉक्टरकडे कोण जातं, असं तुम्ही म्हणाल. पण माणूस घाबरला की पहिला दिसेल त्या डॉक्टरकडे जातो, आणि आमच्या इमारतीत डॉक्टर म्हणून तेवढा एकच आहे. शिवाय त्याच्याकडे तो हवा तसा वाकवता येणारा दिवा आहे. त्याने सीडी खुर्चीच्या उशीवर ठेवली, दिवा खाली ओढला, मास्क चढवला आणि सवयीने विचारलं, "दुखतंय कुठे?"

"शेवटच्या गाण्यात," मी म्हणालो.

त्याने सीडी दिव्यासमोर धरून मला दाखवली. टाचणीने टोचावीत तशी बारीक बारीक भोकं पडली होती आणि त्यांतून उजेड आरपार येत होता. कडेचा पट्टा तर पार चहाच्या रंगाचा झाला होता. "कडेने सुरुवात आहे आणि आत सरकतंय," डॉक्टर म्हणाला. "जरा आधी आला असतात तर काही तरी करता आलं असतं." हे तो प्रत्येक पेशंटला म्हणतो, मलाही म्हणून झालंय. पण दाढेच्या वेळी मी ते हसण्यावारी नेलं होतं. या वेळी माझ्या तोंडचं पाणी पळालं.

आता तसं बघायला गेलं तर माझ्याकडे सीडींना तोटा नाही. हॉलमधलं एक आख्खं कपाट त्यांनी भरलंय. मी विमा कंपनीत चाळीस वर्षांच्या आसपास काढली, पण माझी खरी ओळख म्हणजे माझे कान. हे मी स्वतः सांगतो म्हणून आत्मस्तुती वाटेल, पण दुसरं कोणी सांगत नाही त्याला मी काय करू? सीडी नवीन निघाल्या तेव्हा दुकानदार मला म्हणाला होता, "साहेब, कॅसेट विसरा. ही तुमच्या नातवंडांनासुद्धा अशीच वाजेल." मी त्याच आठवड्यात घरातल्या सगळ्या कॅसेट भंगारात घातल्या. नातवंडं अजून व्हायची आहेत. सीडी काही तेवढं थांबायला तयार नाहीत.

पण ही एक सीडी म्हणजे जिवाचा तुकडा होती. माझी बायको टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर. तिच्या तरुणपणी तिथल्या बावीस बायकांचा गाण्याचा एक संच होता. ऑफिस सुटलं की वरच्या हॉलमध्ये तालीम, आणि शिकवायला एक मास्तर. एकदा ऑफिसच्या सांस्कृतिक समितीच्या अंगात आलं आणि तिने त्यांच्या गाण्यांची चक्क सीडी काढली. तिच्यातल्या शेवटच्या गाण्यात मधे सगळ्या जणी थांबतात आणि एकच आवाज चार ओळी गातो. तो माझ्या बायकोचा. त्या चार ओळी मी किती जणांना बळजबरीने ऐकवल्या असतील त्याची गणती नाही. पाहुणा चप्पल काढतोय न काढतोय तोच मी प्लेअर चालू करत असे.

पुढे तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. बोलणं सुधारलं, पण आवाज खाली उतरला तो उतरलाच. वर गेला की फाटायचा. तिने गाणं सोडलं. सोडलं म्हणजे तसं जाहीर वगैरे काही केलं नाही, पण भांडी लावताना गुणगुणायची तेही बंद झालं आणि मला ते कळायला बरेच महिने लागले. त्या ऑपरेशनच्या दिवशी मी हॉस्पिटलच्या बाकावर कानाला हेडफोन लावून त्याच चार ओळी पुन्हा पुन्हा ऐकत बसलो होतो. नर्सने मला पाणी आणून दिलं, इतका मी रडत होतो. थोडक्यात काय, तिचा गाता आवाज जगात कुठे उरला असेल तर तो त्या सीडीच्या शेवटच्या गाण्यात. आणि महिनाअखेरीस ती निवृत्त होणार होती. निरोपाच्या कार्यक्रमात भर हॉलमध्ये अचानक त्या चार ओळी लावायच्या, असा माझा गुप्त बेत होता. त्यासाठी मी सकाळी सीडी काढली, लावली, आणि पहिली गाणी झकास वाजून शेवटच्या गाण्याला नुसतं चर्र, चर्र, टक.

सीडीची एक गंमत आहे. ती मधल्या भोकापासून सुरू होऊन कडेकडे वाजत जाते. गंज मात्र कडेकडून मधे येतो. म्हणजे ज्याला शेवटचा मान, त्याचाच पहिला नंबर. जगात इतरत्रही असंच चालतं, पण ते बोलायची ही जागा नव्हे.

डेंटिस्टने मला टूथपेस्टची एक नमुन्याची ट्यूब दिली आणि हलक्या हाताने आतून बाहेर घासायला सांगितलं. मी घरी पोचेपर्यंत बातमी जिन्याने माझ्या आधी वर गेली होती. वरचे इंजिनिअर दारातच उभे होते. हे गृहस्थ पुलांच्या खात्यातून निवृत्त झालेत आणि त्यांचा एकही पूल पडलेला नाही, त्यामुळे कुठल्याही विषयावर बोलायचा त्यांना परवानाच मिळाल्यासारखं झालंय. "टूथपेस्ट?" ते म्हणाले. "अहो, तो दातांचा माणूस. हे धातूचं काम आहे. धातू थंडीत आकसतो. फ्रीझरमध्ये ठेवा, भोकं आपोआप मिटतील."

"आमचा रेडिओ अडला की आमचे हे त्याला एक थापट मारायचे," समोरच्या मावशी म्हणाल्या. "लगेच बोलायला लागायचा."

"मावशी, सीडीला थापट मारून कसं चालेल?"

"जोरात नाही रे. प्रेमाने."

मी तसा सावध माणूस आहे. सगळे प्रयोग आधी दुसऱ्या सीडीवर करायचे, असं मी ठरवलं. त्यासाठी एक बासरीची सीडी निवडली, जी माझ्या साडूने मला वाढदिवसाला दिली होती आणि जिच्याबद्दल कोणाच्याच मनात माया नव्हती. तिला टूथपेस्टने घासलं. ती इतकी स्वच्छ झाली की वाजायचीच थांबली. नाही म्हणायला हॉलभर पुदिन्याचा वास सुटला. मग ती पिशवीत गुंडाळून फ्रीझरमध्ये मटारच्या खाली ठेवली. तेवढ्यात बायको ऑफिसातून आली. आमच्या हॉलमध्ये इंजिनिअर, मावशी आणि जेवणाची सुट्टी लांबवून वर आलेला डेंटिस्ट असे तिघे बसले होते. तिला बघताच सगळे एकदम गप्प झाले.

तिने सगळ्यांच्या तोंडांकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "कोण गेलं?"

"कोणी नाही, कोणी नाही," असं तिघे एकाच सुरात म्हणाले आणि एकामागोमाग एक सटकले. शेजाऱ्यांचं असं असतं. बुडवायला चौघे येतात, काढायला कोणी नसतं.

दुसऱ्या दिवशी ती मटार काढायला गेली आणि सीडी घेऊन बाहेर आली. सीडीवर पांढरं दव जमलं होतं. ती तिने माझ्यासमोर टेबलावर ठेवली.

"हे काय आहे?"

"बासरी."

"ते दिसतंय मला. फ्रीझरमध्ये काय करतेय?"

"टिकावी म्हणून," मी म्हणालो.

"अहो, रिटायर मी होणार आहे," ती म्हणाली. "डोकं तुमचं कशाने गेलं?" आणि मटार धुवायला लागली. मटारलासुद्धा पुदिन्याचा वास येत होता. पण बेत गुप्त होता, त्यामुळे मला अपमान गिळण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

इंजिनिअर मात्र हार मानणारे नव्हेत. ते म्हणाले, दोष सीडीत नाही, प्लेअरमध्ये आहे. "नवे प्लेअर नाजूक. जरा काही दिसलं की नाही म्हणतात. जुने दिलदार असायचे. जुना आणा." म्हणून मी जुन्या बाजारातून एक प्लेअर आणला. इतका जड, की रिक्षावाल्याने आत काय आहे असं दोनदा विचारलं. घरी आणून जोडला, बटण दाबलं, त्याने मोठ्या ऐटीत जीभ बाहेर काढली, मी तिच्यावर ती लाखमोलाची सीडी ठेवली. जीभ आत गेली. झालं. धड वाजेना, धड बाहेर येईना. मी बटण दाबलं, विनवण्या केल्या, शेवटी मावशींच्या पद्धतीने प्रेमाने एक थापटही मारली. आत काही तरी गुरगुरलं आणि शांत झालं.

तो धोंडा उचलून मी दुरुस्तीवाल्याकडे नेला. दुरुस्तीवाला वाकून एका मिक्सरशी झगडत होता. मान वर न करता त्याने विचारलं, "आत काय अडकलंय?"

"माझी बायको," मी म्हणालो. दुकानातली सगळी गिऱ्हाइकं माझ्याकडे वळून बघायला लागली.

त्याने झाकण उघडलं, सीडी काढली, फुंकर मारली, बघितली आणि परत दिली. ही गेलीय, दुसरी मिळते का बघा, असं म्हणून तो पुन्हा मिक्सरकडे वळला. दुसरी! हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही? बावीस बायका होत्या, बावीस घरांत बावीस सीडी असणारच. मी तडक घरी येऊन सुपरवायझरबाईंना फोन लावला.

या सुपरवायझरबाई म्हणजे बायकोची जिवलग मैत्रीण. दोघी एकाच वेळी नोकरीला लागल्या, शेजारशेजारच्या खुर्च्यांवर बसल्या, आणि पुढे ह्या बाई सुपरवायझर झाल्या. निरोपाचा कार्यक्रमही त्याच ठरवत होत्या. बाई लाख मोलाची, पण आवाज! पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा. त्यांचा फोन आला की मी रिसीव्हर हातभर लांब धरतो आणि तरीही त्या बाजूचा कान दिवसभर गुणगुणत राहतो. माझ्यासारख्या कानाच्या माणसाला हे सोसणं सोपं नाही.

"माझी सीडी?" त्या म्हणाल्या. "ती मुलाने गॅलरीत टांगलीय. कबुतरं येऊ नयेत म्हणून."

"कबुतरं? अहो, ती सीडी आहे! तिच्यात शेवटचं गाणं आहे!"

"अहो भाऊजी, शेवटचंच कशाला पाहिजे?" त्या जरा घुटमळल्या. "दुसरं कुठलं तरी लावा ना. पुष्कळ गाणी आहेत. शेवटचं राहू द्या."

मी मनात म्हटलं, आलं लक्षात. इतकी वर्षं झाली, स्वतः सुपरवायझर झाली, तरी चार ओळी मैत्रिणीला मिळाल्या याची सल काही जात नाही. मनुष्यस्वभाव! मी त्यांना उदार मनाने क्षमा केली आणि फोन ठेवला. बाकीच्या जणींचा शोध घेतला, तर कोणाची हरवलेली, कोणाची घर बदलताना गेलेली. एकीने तर सीडीवर पेला ठेवायची सवय लावून घेतली होती, आणि आता पेला आहे पण सीडी नाही.

मग इंजिनिअरांनीच आठवण करून दिली, की छापलेल्या प्रत्येक सीडीची एक प्रत सरकारी ग्रंथालयात जमा होते. त्यांच्या आयुष्यात त्यांनी दिलेला हा एकमेव उपयोगी सल्ला, आणि त्यानेच माझी आगीतून फुफाट्यात रवानगी केली.

ग्रंथालयाचा ध्वनिविभाग तळघरात आहे. तिथल्या खिडकीत एक कारकून बसतो. चेहरा असा, की शांतता राखा ही पाटी वेगळी लावायची गरज नाही. त्याने कपाटातून यादी काढली, बोट फिरवलं आणि म्हणाला, "आहे."

मला त्याला मिठी मारावीशी वाटली.

"पण ऐकता येणार नाही. हक्कधारकाची परवानगी लागेल."

"हक्कधारक कोण?"

"टेलिफोन ऑफिसची सांस्कृतिक समिती."

"ती केव्हाच बरखास्त झाली."

"मग बरखास्त झाल्याचं पत्र आणा."

"कोणाकडून आणू?"

"समितीकडून," तो शांतपणे म्हणाला. माझा चेहरा बघून त्यालाच दया आली असावी. त्याने नियमांची जाडजूड चोपडी उघडली आणि बऱ्याच वेळाने सांगितलं, की समिती नसेल तर गाणाऱ्यांपैकी कोणाही एकाची सही चालते. "यांतलं कोणी हयात आहे का?"

"माझी बायको आहे."

"हयात आहे?"

"सकाळी डबा घेऊन गेली तेव्हा तरी होती."

"मग त्यांना समक्ष यावं लागेल," कारकून म्हणाला. "या अर्जावरच्या सहीसह."

आता आली का पंचाईत! जिच्यापासून लपवायचं तिचीच सही. तिला समक्ष आणायचं पुढे बघू, आधी सही तर मिळवू, म्हणून मी एक युक्ती केली. विजेचं बिल, बँकेचा कागद, इमारतीच्या सभेची नोटीस, आणि त्यांच्या मधे तो ग्रंथालयाचा अर्ज असा गठ्ठा करून तिच्यापुढे ठेवला आणि सहज आवाजात म्हणालो, "जरा सह्या कर गं." पण जी बाई हजारो लोकांचे आकडे ऐकून एकही चुकीचा जोडत नाही, ती न वाचता सही करेल होय? तिने बिल वाचलं, बँकेचा कागद वाचला, नोटिशीतली एक चूक काढली, आणि अर्जापाशी थांबली. बराच वेळ थांबली.

"हे कशाला हवंय तुम्हाला?"

झाकून ठेवण्यात आता अर्थ नव्हता. मी सगळं सांगितलं. कीड, टूथपेस्ट, मटार, धोंडा, सगळं. तिला हसू येईल असं वाटलं होतं. ती हसली नाही.

"राहू द्या ना," ती म्हणाली. "शेवटचं गाणं कशाला?"

"म्हणजे काय? तुझा आवाज आहे तो! उद्या ती सीडी पूर्ण गेली तर माझ्याजवळ काय राहील?"

मी हे जरा मोठ्याने बोललो असेन. खरं सांगायचं तर ओरडलोच. मग तिने चष्मा नीट केला, अर्जावर सही केली आणि म्हणाली, "शनिवारी मला सुट्टी आहे. येते."

शनिवारी ग्रंथालय उघडायच्या आधीच आम्ही पायऱ्यांवर हजर होतो. हिची ही जुनी खोड. कुठे जायचं म्हटलं की ही आधी पोचणार, आणि दार उघडायची वाट बघत मी तिच्या शेजारी उभा राहणार. कारकून आला, त्याने आम्हाला तळघरातल्या एका लहानशा खोलीत नेलं. टेबल, खुर्ची, प्लेअर, आणि हेडफोनची एकच जोडी.

"एका वेळी एकानेच ऐकायचं," तो म्हणाला. "खुर्ची एकच आहे."

"माझी बायको गायलीय त्यात," मी म्हणालो.

"मग त्यांनी आधीच ऐकलंय," कारकून म्हणाला. शेवटी ही स्वतःच त्याच्याशी बोलली, आणि कसा कोण जाणे, तो बाहेरून दुसरी खुर्ची घेऊन आला. त्याने पांढरे हातमोजे चढवले, पाकिटावरचा कागद वाचला, "स्थिती : उत्तम," आणि सीडी बाहेर काढली.

कडेचा पट्टा चहाच्या रंगाचा होता.

आमच्यासारखीच. हुबेहूब. एकाच कारखान्यात, एकाच दिवशी, त्याच मसाल्यातून निघालेल्या दोघी बहिणी, एक माझ्या कपाटात आणि एक तळघरात, एकाच वेगाने गंजत गेल्या होत्या. माझा काही हलगर्जीपणा नव्हता, एवढंच काय ते समाधान. कारकुनाचा चेहरा माझ्याहून पडला. बिचाऱ्याने झाकली मूठ इतकी वर्षं उत्तम म्हणून सांभाळली होती. त्याने ती तरीही लावली. हेडफोनचा एक कान मी घेतला, एक तिने, आणि डोक्याला डोकं टेकवून आम्ही बसलो. कारकुनाने शेवटचं गाणं लावलं.

चर्र. चर्र. टक.

मी हेडफोन काढला. साठी उलटलेल्या माणसाने सरकारी तळघरात रडू नये, असा नियम त्या चोपडीत नक्की असेल. "गेला," मी म्हणालो. "तुझा आवाज गेला. मला वाचवता आला नाही गं."

तिने माझा हात धरला. "अहो, ऐका. तो माझा नव्हताच."

"काय तुझा नव्हता?"

"आवाज. त्या चार ओळी माझ्या नव्हत्या." ती टेबलाकडे बघत बोलत होती. "तालमीला माझ्याच होत्या. पण रेकॉर्डिंगच्या दिवशी मी इतकी घाबरले, की दर वेळी आधीच सुरू करायचे. मास्तर हात वर करायच्या आत माझं आपलं चालू. तीनदा झालं, चारदा झालं, मग तो रेकॉर्डिंगवाला वैतागला. मास्तर म्हणाले, तू मागे जा. आणि शेजारचीला पुढे केलं."

"शेजारची म्हणजे?"

"सुपरवायझर."

मला क्षणभर काही ऐकूच येईना. सुपरवायझरबाई! पत्र्यावरचा खिळा! जिचा फोन मी हातभर लांब धरतो, तिचा आवाज मी हॉस्पिटलच्या बाकावर ऊर फुटेस्तोवर ऐकला होता, आणि नर्सकडून पाणी पिऊन पुन्हा ऐकला होता. आणि म्हणे माझे कान!

"मला सांगायचं तरी!"

"सांगणार होते. त्या दिवशी रडतच घरी आले. बघते तर तुम्ही दारात फुलं घेऊन उभे. आख्ख्या इमारतीला सांगून ठेवलेलं. मावशी, इंजिनिअर, सगळे टाळ्या वाजवताहेत." तिला आता हसू येत होतं आणि डोळेही भरले होते. "मग म्हटलं, उद्या सांगू. उद्याचं परवा झालं. आणि मग तुम्ही ते ऐकून इतके खूश व्हायचात, की माझी छातीच होईना. तिलाही मीच बजावलं होतं, खबरदार सांगितलंस तर."

म्हणजे सुपरवायझरबाईंनाही मी उगाच क्षमा केली होती. माणसाने स्वतःचा कचरा करून घ्यायला काही मर्यादा असते, ती मी त्या सकाळी ओलांडली. पण तेही मला फारसं लागलं नाही. मला एकच प्रश्न पडला होता.

"मग तुझा आवाज कुठेय?"

"बावीस जणींत आहे की."

"बावीस जणींत मला कसा सापडायचा?"

ती कारकुनाकडे वळून म्हणाली, "भाऊ, तिसरं गाणं लावता का? ते आतल्या बाजूला आहे, वाजेल."

तिसरं गाणं! ते तर मला तोंडपाठ होतं. पहाटेचं गाणं. आधी नुसती पेटी, मग एक ठोका थांबून सगळ्या जणी एकदम उचलतात, "उजाडलं गं उजाडलं." आणि त्यात एक घोटाळा आहे. कोणी एक बाई सगळ्यांच्या आधीच सुरू करते. अगदी जरासं, "उजा" एवढंच, आणि मग बाकीच्या येऊन तिला झाकून टाकतात. माझ्या कानांतून ते थोडंच सुटणार? पाहुण्यांना मी बोट वर करून सांगायचो, "आता ऐका हं, एक घाईची बाई येतेय. हिचं सगळ्यांच्या आधी उजाडतं!" पाहुणे पोट धरून हसायचे. चहाचा ट्रे घेऊन ही तिथेच उभी असायची. हीसुद्धा हसायची.

मी तिच्याकडे बघितलं. तिने मान हलवली.

"सगळ्या गाण्यांत सुधारलं त्यांनी," ती म्हणाली. "पण वेळ संपली म्हणून हे तसंच राहिलं. मला इतकी लाज वाटायची..."

"गप्प बस," मी म्हणालो. "आणि तो कान नीट लाव."

"समारंभात लावाल तर याद राखा हं."

"समारंभात हेच लावणार."

कारकुनाने बटण दाबलं. एरवी खिडकीतून न हलणारा तो माणूस टेबलाजवळ येऊन वाकून उभा राहिला, जणू त्यालाही त्या एवढ्याशा हेडफोनमधून काही मिळेल. पेटी सुरू झाली. सीडी इथे अगदी स्वच्छ होती, गंज अजून बराच लांब होता. तिचं कपाळ माझ्या कपाळाला टेकलं होतं आणि तिने श्वास धरून ठेवला होता. इतक्या वर्षांनीसुद्धा ती तिथे घाबरत होती. पेटी थांबली. एकवीस जणी मास्तरांच्या हाताकडे बघत असणार, आणि त्या एका ठोक्याच्या शांततेत माझी बायको, तरुण, घाबरलेली, कोवळ्या स्वच्छ आवाजाची, एकटीच गायली. बाकीच्या यायच्या आत मी तिला नीट ऐकून घेतलं.